ॲटनबरो नावाचं स्टेशन आणि ॲटनबरो नावाची माणसं

ट्रेंटकाठची (धागाकर्ती)

मी नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनला राहते. इथून डर्बीकडे जाणारी गाडी पकडली की पुढच्याच स्टेशनाची पाटी येते: ॲटनबरो. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोक्यात आपला चौक-नामकरण सोहळा आला. म्हटलं, त्या निसर्गपटवाल्या डेव्हिड ॲटनबरो साहेबांचं नाव देऊन टाकलेलं दिसतंय स्टेशनाला. शेजारच्या आजींना तसं म्हणाले, तर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. प्रकार बरोबर उलटा आहे. गाव जुनं, आडनाव गावावरून आलेलं.

गाव म्हणाल तर चिमुकलं. ट्रेंट नदीच्या काठाला एक जुनं चर्च. त्याला लागूनच्या घरात १६११ साली हेन्री आयर्टन जन्मला. हा पुढे ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई झाला आणि पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्यांत बसला. गावाला खेटून खडी-वाळू उपसून झालेले मोठाले खड्डे आहेत. त्यांत पाणी भरलं, पक्षी आले, आणि १९६६ साली तिथं अभयारण्य झालं. उद्घाटनाला कोण? डेव्हिड ॲटनबरो! आम्ही रविवारी मुलीला घेऊन खंड्या बघायला तिथंच जातो.

मग मला नाद लागला. गावाच्या नावातला 'बरो' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'बुर्ह', तटबंदी किंवा गढी. आधीचा भाग कुणा ॲडा किंवा तत्सम नावाच्या माणसाचा. थोडक्यात, ॲडाची गढी. हा ॲडा कोण, कुठला, काही पत्ता नाही. आडनाव दुर्मीळच. १८८१च्या जनगणनेतली ॲटनबरो घरं नकाशावर मांडली तर दाटी नॉटिंगहॅमशर आणि त्याच्या शेजारच्या डर्बीशरमध्ये. पाचसहाशे वर्षं ही माणसं गावाच्या आसपासच घुटमळत राहिली. डेव्हिड आणि त्यांचे भाऊ, 'गांधी' सिनेमावाले रिचर्ड, यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले. ॲटनबरोपासून स्टेपलफर्ड चार-पाच किलोमीटर. मी ते अंतर परवा सायकलवर काढलं.

आणि आता खरी गंमत. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं (आडनावासारखीच बापाकडून फक्त मुलाकडे जाणारी) तपासली. त्यांतले ॲटनबरो आडनावाचे सुमारे ८७ टक्के पुरुष एकाच प्रकारचं वाय गुणसूत्र बाळगून निघाले. म्हणजे सगळे ॲटनबरो एकाच बापाची लेकरं म्हणायची का? जाणकारांनी उजेड पाडावा.

---

खडूसकाका

चांगला धागा. एक बारीक दुरुस्ती करतो. 'आडनाव गावावरून आलं' एवढं म्हणून भागत नाही. गाव सोडल्यावर आलं. निपाणीत कुणी कुणाला निपाणीकर म्हणत नाही, तिथं सगळेच निपाणीचे. बेळगावात जाऊन दुकान टाकलं की दुसऱ्या दिवशी निपाणीकर. तेव्हा तुमचा मूळ ॲटनबरो हा ॲटनबरोत न राहणारा माणूस असणार. त्या चर्चच्या आवारात थडगी शोधत बसू नका, मूळपुरुष तिथं नाही.

आणि उच्चार नक्की काय? आमच्या वेळी पेपरात 'ॲटनबरो' छापायचे, रेडिओवरचा निवेदक तिसरंच काही म्हणायचा.

---

निळी_शाई

काकांशी सहमत. अशी आडनावं बहुधा दोन-चार कोस अंतरावरच चिकटलेली दिसतात. फार लांब गेलं तर मूळ खेडं कुणाला ठाऊकच नसतं, मग माणसाला जिल्ह्याचं किंवा मोठ्या शहराचं नाव पडतं. स्टेपलफर्डचं अंतर त्या हिशेबात चपखल बसतं.

थोडी कालरेषा देते. इंग्लंडात १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी जमीनदारांनी आडनावं लावली. सामान्य माणसाची आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती साधारण १२०० ते १४०० या दोनशे वर्षांत, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत उशिरा. त्याच्या आधीचं आडनाव हे आडनाव नव्हे, ओळखपट्टी. बाप जॉन सुतार, मुलगा जॉन ओढ्याकाठचा, असं बिनदिक्कत चालायचं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसवली, तेव्हा कारकुनांनी माणसं नावानिशी उतरवली. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने (वरच्या क्रॉमवेलशी घोळ नको, हा आठव्या हेन्रीचा मंत्री) हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. १ जुलै १८३७पासून सरकारी नोंदणी. दुर्मीळ आडनावाचा माग काढणाऱ्याचं दैवत म्हणजे १५३८च्या त्या वह्या. जिथं उंदरांनी खाल्ल्या नसतील तिथं.

आता व्युत्पत्तीबद्दल एक सावधगिरी. ॲटनबरो हे नाव दिसलं की काहींना वेगळाच मोह होतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन' म्हणजे 'अमुकपाशी'. 'ॲटन ॲश', म्हणजे ॲश झाडापाशी राहणारा. त्यातला न पुढच्या शब्दाला चिकटून 'नॅश' हे आडनाव झालं. ओकच्या झाडांपाशी राहणारा तो नोक्स. त्याच चालीवर 'ॲटन बरो' म्हणजे गढीपाशी राहणारा, असं कुणीही कागदावर सिद्ध करून देईल. पण मग हे आडनाव देशभर विखुरलेलं हवं होतं, कारण गढ्या जागोजाग होत्या. नकाशात दाटी मात्र बरोबर त्या एका गावाभोवती. दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत शब्दकोशापेक्षा मी नकाशावर जास्त भरवसा ठेवते.

---

बाभूळकाटा

१,६७८ जणांची थुंकी गोळा केली आणि निष्कर्ष काय, तर आडनाव एक तर बाप एक. आमच्या आजीने फुकट सांगितलं असतं.

---

जनुकवाली

बाभूळकाटा, तुझ्या आजीने स्मिथांबद्दल काय सांगितलं असतं? त्याच अभ्यासात स्मिथही होते. त्यांची गुणसूत्रं बाहेरच्या कुठल्याही ब्रिटिश पुरुषांच्या घोळक्याइतकीच सरमिसळ निघाली. दोन स्मिथ एकमेकांचे कुणी लागतातच असं नाही, कारण लोहार प्रत्येक गावात होता. हाच गट त्याआधी २००६ साली वेगळ्या वाटेने गेला होता. एकाच आडनावाच्या, पण आपसात नातं ठाऊक नसलेल्या दोघादोघांच्या १५० जोड्या घेतल्या. सगळ्या मिळून जेमतेम चौथा हिस्सा जोड्यांत जवळचा समान पूर्वज दिसला. दुर्मीळ आडनावांपुरतं पाहिलं तर हे प्रमाण निम्म्याजवळ गेलं. गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या डीएनएवरून आडनावाचा अंदाज बांधता येईल का, हा त्यामागचा एक विचार. लेस्टरला ते सुचणं साहजिक आहे, कारण डीएनएची ठसेओळख ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली तिथंच शोधली.

योगायोग बघा. ज्या लेस्टरमध्ये ॲटनबरोंचं वाय गुणसूत्र तपासलं, त्याच संस्थेचे प्रमुख १९३२ ते १९५१ फ्रेडरिक ॲटनबरो होते. तेव्हा ते नुसतं युनिव्हर्सिटी कॉलेज होतं. डेव्हिड आणि रिचर्ड त्या आवारातच वाढले. आजही तिथं ॲटनबरो टॉवर नावाची उंच इमारत आहे.

पण धागाकर्तीने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गणिती_गोगलगाय जागे असतील तर त्यांनी लिहावं, मी नंतर येते.

---

गणिती_गोगलगाय

जागाच आहे. आज ८७ टक्के एकाच मूळपुरुषाचे आहेत, म्हणून सुरुवातीला मूळपुरुष एकच होता, हा तर्क चुकीचा.

समजा १३०० साली त्या गावातून दहा जण बाहेर पडले, दहा वेगळ्या गावी गेले आणि दहाही जण ॲटनबरो झाले. एकमेकांचे कुणी नाहीत. आता प्रत्येकाला सरासरी एक मुलगा धरा. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला शून्य. पहिल्याच पिढीत एखाद्याचं आडनाव खुंटण्याची शक्यता ३७ टक्के. दहाव्या पिढीपर्यंत ती ८४च्या आसपास जाते. म्हणजे दहांतले आठ निव्वळ पोरींचे बाप होऊन किंवा निपुत्रिक राहून कागदावरून पुसले जातात. कुणाचा दोष नाही, नुसता फासा. वर १३४८-४९चा प्लेग धरा, ज्यात इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. उरलेल्या एकदोघांपैकी एखाद्याला अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या लोकसंख्यावाढीत सहा-सहा मुलगे झाले की आजचे जवळपास सगळे त्याचेच.

हे गणित जुनं आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ साली कोडं घातलं होतं की मोठी घराणी नामशेष का होतात. लोक म्हणायचे, ऐषआरामाने वंश क्षीण होतो. गॉल्टन आणि हेन्री वॉटसन नावाचे पाद्री यांनी १८७४ साली मिळून मांडलं की ऐषआराम सोडा, नुसत्या शक्यतेच्या जोरावरही आडनावं मरत राहतात. तीच आकडेमोड पुढे अणूच्या साखळी अभिक्रियेला कामी आली. आडनावापासून अणुबाँबपर्यंत. अवांतर, पण मला आवडतं.

म्हणून '८७ टक्के'चं खरं वाचन असं: शर्यत संपली तेव्हा मैदानात मुख्यतः एकच उरला. सुरुवातीला किती धावत होते ते या आकड्यावरून सांगता येत नाही.

---

ट्रेंटकाठची

अरे देवा. म्हणजे मी निकालावरून शर्यतीची यादी काढत होते. पटलं. आणि उरलेले १३ टक्के? ते हरलेल्या घराण्यांचे अवशेष का?

---

खडूसकाका

ते १३ टक्के कसले ते सगळ्यांना कळलंय, कुणी लिहीत नाही एवढंच.

---

जनुकवाली

काका, लिहिते की. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच तीन गोष्टी आहेत: मूळपुरुष, यदृच्छा आणि व्यभिचार. त्यांच्या हिशेबाने दर पिढीला शेकडा १ ते ४.५४ या दरम्यान आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची फारकत होत आली. त्याआधी २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे ४८ जण तपासले होते. साइक्स म्हणजे ओहोळ. यॉर्कशरमध्ये ओहोळ पावलोपावली, तेव्हा मूळपुरुष ढीगभर निघतील असं वाटलं होतं. पण जवळजवळ निम्मे एकाच गुणसूत्राचे निघाले, आणि फारकतीचा दर पिढीमागे १.३ टक्के आला.

मात्र फारकत म्हणजे लगेच काकांच्या मनातलं नव्हे. दत्तक आहे, सावत्र बापाचं नाव आहे. लग्नाआधी झालेल्या मुलाला आईचं आडनाव आहे. बायकोच्या माहेरची इस्टेट मिळावी म्हणून जावयाने सासऱ्याचं नाव लावणं इंग्लिश जमीनदारांत सर्रास चालायचं. आणि ट्रेंटकाठची म्हणते तसे दुसऱ्या मूळपुरुषाचे वंशजही त्यात असू शकतात. गुणसूत्र फक्त 'वेगळा' एवढंच सांगतं. का वेगळा, ते सांगत नाही.

ही भानगड राजघराण्यालाही सुटलेली नाही. २०१२ साली लेस्टरच्या पार्किंगच्या जागेखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. आईकडचा डीएनए जुळला. बापाकडचा ताडून पाहायला ब्यूफर्टच्या ड्यूकच्या घराण्यातले, म्हणजे कागदोपत्री रिचर्डच्याच बापाकडच्या वंशातले, पाच हयात पुरुष घेतले. चौघे एकमेकांशी जुळले, पाचवा त्या चौघांशीही नाही, आणि रिचर्डशी तर एकही नाही. हे कामही ट्युरी किंग यांचंच.

---

गणिती_गोगलगाय

ॲटनबरोंपुरता ढोबळ हिशेब करून पाहिला. सातशे वर्षं म्हणजे तीसेक वर्षांची एक पिढी धरून तेवीस पिढ्या. तेवीस पिढ्यांनंतर ८७ टक्के जागेवर राहायचे तर दर पिढीला फारकत शेकडा सहा दशांश. घराणं भलतंच सोवळं दिसतं.

अर्थात वरचाच फासा इथंही पडतो. फारकत झालेल्या शाखाही इतरांसारख्याच खुंटतात. तेव्हा सोवळेपणाचं प्रशस्तिपत्रक देऊ नका.

---

पाटवाट

इतका वेळ वाचतेय. ८७ टक्के, तेवीस पिढ्या, शर्यत, फासा. यात बायका कुठे आहेत? प्रत्येक पिढीत जवळपास निम्म्या लेकी. त्या लग्न करून स्मिथ झाल्या, टेलर झाल्या, त्यांची पोरंबाळं डर्बीशरभर पसरली. ॲडाच्या गढीतून निघालेल्या माणसाचं रक्त आज ज्यांच्यात आहे त्यांतल्या बहुतेकांचं आडनाव ॲटनबरो नाहीच. 'दुर्मीळ आडनाव' म्हणजे दुर्मीळ कुटुंब नव्हे. फक्त मुलग्यांचा धागा मोजला म्हणून दुर्मीळ.

---

निळी_शाई

पाटवाट, वा! हे मी विसरलेच होते, आणि मी स्वतः माहेरचं आडनाव लावते.

नकाशात एक भर घालते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ॲटनबरो हे नाव निसर्गाशी नव्हे, गहाणवटीशी जोडलेलं होतं. त्या आडनावाच्या कुटुंबाची तारण ठेवून पैसे देणारी दुकानं तिथं नावाजलेली होती. चांदीचे चमचे 'ॲटनबरोकडे' गेले म्हटलं की समोरच्याने पुढचं विचारायचं नसे. दुर्मीळ आडनावाचं असंच होतं. एका कुटुंबाने राजधानीत धंदा थाटला की हजारो लोकांना त्या नावाचा तेवढाच अर्थ माहीत. मग एक भाऊ कॅमेऱ्यासमोर गोरिलांशेजारी बसतो आणि आधीचा अर्थ पुसला जातो.

---

बाभूळकाटा

अवांतर: रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' (१९८२) आपल्या लोकांनी भरलेला. रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा, डॉ. लागू गोखले. आणि गांधी कोण, तर बेन किंग्जले. किंग्जलेही गावावरूनच आलेलं आडनाव ना?

---

जनुकवाली

बाभूळकाटा, अवांतर म्हणून टाकलंस आणि नेमकं मुद्द्यावर बोट ठेवलंस. हो, किंग्जले हे इंग्लंडात गावाचं नाव, चेशरमध्ये एक आहे. पण बेन किंग्जले यांचं जन्मनाव कृष्णा भानजी. वडील गुजराती खोजा घराण्यातले, आजोबा मसाल्याच्या व्यापारासाठी झांझिबारला गेलेले. त्या आजोबांना लोक 'किंग क्लोव्ह' म्हणत, म्हणजे लवंगांचा राजा. त्यावरून या नटाने 'किंग्जले' घेतलं. त्यांचे दोन मुलगेही किंग्जले आडनावाने नाटका-सिनेमांत काम करतात.

म्हणजे पाचशे वर्षांनी कुणी किंग्जलेंची वाय गुणसूत्रं गोळा केली, तर मधेच एक गुजराती शाखा निघेल. आणि तेव्हाचा खडूसकाका म्हणेल, 'सगळ्यांना कळलंय, कुणी लिहीत नाही.'

ही कल्पना नुसती गमतीची नाही. असं एकदा निघालेलं आहे. याच गटाने २००७ साली जाहीर केलं की यॉर्कशरच्या पूर्व भागातल्या एका अगदी दुर्मीळ आडनावाच्या, दिसायला ठार गोऱ्या पुरुषाचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेतल्या एका अतिशय जुन्या शाखेचं आहे. मग त्या आडनावाचे एकूण १८ जण तपासले, तर सात जणांत तेच. त्या सातांच्या वंशावळी कागदावर दोन झाडांत बसतात. दोन्हीची मुळं यॉर्कशरमध्येच १७८०च्या दशकापर्यंत जातात, आणि दोन झाडं जोडणारा दुवा त्याच्याही मागे. कुणी म्हणतं उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या भिंतीवर रोमन सैन्यात आफ्रिकी तुकडी होती तिथून, कुणी म्हणतं गुलामांच्या व्यापारातून फार नंतर. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं, कारण पहिल्यासाठी फार मोठी उडी घ्यावी लागते. पण त्या घराण्यांतल्या कुणाच्याही कानावर आफ्रिकेचा शब्द नव्हता. आडनाव शंभर टक्के यॉर्कशरचं.

---

खडूसकाका

माझ्या नावाने पाचशे वर्षांनंतरचा प्रतिसाद लिहिल्याबद्दल आभार. सात जणांचा किस्सा भारी आहे. माझा मूळ प्रश्न मात्र तसाच लोंबकळतोय. उच्चार काय?

---

ट्रेंटकाठची

काका, आज मुद्दाम गाडीत कान देऊन बसले. घोषणेत 'ॲटनब्रा' येतं, शेवटचं अक्षर जवळपास गिळलेलं. शेजारच्या आजींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, जुन्या वह्यांत हेच आडनाव 'ॲटनबॅरो' असंही सापडतं, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. मी विचारलं, तुम्हाला कसं काय माहीत? तर म्हणाल्या, माझं माहेरचं तेच आहे, ऑफिसात दर वेळी स्पेलिंग सांगावं लागायचं.

चार वर्षं शेजारी राहते. कधी विचारलंच नव्हतं.

---

पाटवाट

बघ. त्या लेस्टरच्या १,६७८मध्ये या आजी नाहीत.